एका चादरीला एक वाटी

पडदा सारला तेव्हा थोरलीला आधी वाटलं, काचच मळलीय. हातातलं फडकं तिने काचेवर फिरवलं, मग जोर लावून पुन्हा फिरवलं. डाग गेले नाहीत. तिने खिडकी उघडली, आणि मध्ये काच नव्हती तरी ते तिथेच होते. हिरवळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळे पट्टे, कापडावर इस्त्री विसरल्यावर उमटावेत तसे. पट्ट्यांच्या मधलं गवत हिरवं होतं, पण तेही भेदरल्यासारखं. परवा खत उधळत ती जिथून जिथून चालली होती, तिथून तिथून ती आता दिसत होती. आपलं चालणं असं जमिनीवर उमटलेलं पाहायची तिला सवय नव्हती. जरा वाकडंच चालतो की आपण, असं तिच्या मनात आलं, आणि तेवढ्यात मागे खाट कुरकुरली. ती वळली. नवऱ्याने डाव्या हाताने खाटेचा कठडा धरून, होता नव्हता तेवढा जोर लावून, तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

थोरली हे काही तिचं नाव नव्हे. चार भावांच्या घरात सगळ्यात थोरल्याची बायको म्हणून आली तेव्हापासून ती थोरली. पुढे धाकटे भाऊ आपापल्या बिऱ्हाडांना गेले, दोघे तर बिऱ्हाड सोडून कायमचेच गेले, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. नवरा बँकेत कारकून होता आणि उरलेल्या वेळात गवताचा चाकर. लोक फळझाडं लावतात, निदान मिरच्या लावतात. यांनी गवत लावलं. "ना खायला, ना ल्यायला," ती म्हणायची, "गाय तरी आणा, म्हणजे गवताचं सार्थक होईल." तो हसायचा आणि गुडघे टेकून तण उपटायचा. एखादं चिवट असलं तर त्याच्याशी बोलायचासुद्धा. बायकोशी बोलला नसेल इतकं तो तणाशी बोलला. मग एका सकाळी दात घासता घासता त्याच्या हातातून ब्रश पडला, आणि ब्रशामागोमाग तोही. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरला एक डावा हात, दोन डोळे, आणि ही खिडकी. डॉक्टरला तिने सरळ विचारलं होतं, "यांना किती कळतं?" डॉक्टर म्हणाला, "किती ते सांगता येत नाही, आजी. थोडंफार." थोडंफार! एवढं शिकून शेवटी तोही अंदाजावरच आला.

पण खिडकी मात्र त्याला कळत होती. सकाळी पडदा सारला की त्याचे डोळे तिकडे जायचे आणि दिवसभर तिथेच असायचे, दुकान उघडून बसल्यासारखे. म्हणून तर तिने ज्या गवताला जन्मभर शिव्या घातल्या, त्याचीच उस्तवार मागे लावून घेतली. गवत फिकं पडायला लागलं होतं आणि रुंद पानांचं ते निर्लज्ज तण, पिवळ्या फुलांचं, जागोजागी ठाण मांडून बसलं होतं. तिने खताची गोणी आणवली, तणाच्या औषधाची बाटली आणवली. गोणीवर बारीक अक्षरं होती. ती चार यत्ता शिकली होती, अक्षर लागायचं, पण इतक्या जागेला इतकं, त्याचा भागाकार करून तितकं, असलं काही तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि कधी अडलंही नव्हतं. तिच्या हाताला माप होतं. शंभर माणसांचा स्वयंपाक ती मिठाची चव न घेता उतरवायची. शिवाय तिला एक गोष्ट पक्की आठवत होती: तीन डबे. तो तीन डबे खत घालायचा. का आठवत होती, तर डबा तिचा होता. साखरेचा. एके दिवशी तो ओट्यावरून गुपचूप गेला आणि परत आला तेव्हा त्याला वास होता. ती अशी कडाडली होती की शेजारणीने खिडकी लावून घेतली. "माझ्या साखरेच्या डब्यात तीन तीन डबे विष कालवता? उद्या चहात घालून द्या मला!" तोच डबा अजून पडवीत होता, पत्र्याचा, कडा गंजलेला. तिने तीन डबे घातले. तेही शिगोशीग, कारण हात आखडता घेणं तिच्या रक्तातच नव्हतं. वर तणाचं औषध मारलं, झाकणात मोजून आणि मग घरच्या चालीप्रमाणे आणखी थोडं. पाणी घातलं नाही. पाण्याने औषध वाहून जाईल, असं तिचं मत.

"आजोबा, आ करा." सकाळची नर्स चमचा घेऊन उभी होती. गळ्याशी रुमाल बांधलेला, चमच्यात पेज. आजोबांचे ओठ मिटलेले. नर्सने चमचा भिंत आणि तोंड यांच्या फटीतून नेला, पेज ओठांवरून हनुवटीवर आली आणि रुमालात गेली. "काल तर वाटीभर खाल्लं. आज काय झालं यांना?"

"नाटकं," थोरली म्हणाली.

"नाटकं नसतात हो आजी या वयात. भिंतीकडे तोंड करून खाणं सोडतात ना, ते…" नर्सने पुढचं गिळलं. "संध्याकाळपर्यंत बघू. नाहीतर डॉक्टरांना सांगावं लागेल. नाकातून नळी घालतील."

"नळी कशाला? मी आहे ना." तिने चमचा घेतला. लेकाला भरवलं होतं, दिरांना आजारपणात भरवलं होतं, सासूला शेवटच्या घोटापर्यंत भरवलं होतं. तिच्या चमच्यापुढे कुणी तोंड मिटलं नव्हतं. "अहो, उघडा." त्याने डोळे मिटले. हे डोळे मिटणं तिच्या ओळखीचं होतं. ती भांडायला लागली की तो असेच मिटायचा, पावसात छत्री उघडावी तसे, आणि ती थांबेपर्यंत उघडायचा नाही. सुंभ जळला तरी पीळ कुठे जातो! तिला संताप आला आणि त्या संतापाच्या तळाशी काहीतरी गार हललं. नाटक असेल तर बरं, असं तिला वाटलं. नाटक करायला आत माणूस लागतो. नाटक नसेल तर?

लेकाला फोन लावला. तो दुसऱ्या गावी, घाईत. "आई, मी तुला कधीपासून सांगतोय, ते गवत काढ आणि फरशी टाक. खतं काय, औषधं काय, तुझ्या वयाला शोभतं का?"

"बापाला फरशी दाखवू का दिवसभर?"

"बाबांना काय कळतंय, आई…"

तिने फोन ठेवला.  बाबांना काय कळतंय. लेकाच्याच या खोलीत उभी राहून ती ते ऐकत होती. खोली त्याच्या लग्नाच्या वेळी बांधली, न्हाणीघर आणि बाहेरचा ओटा धरून. तिचाच हट्ट होता. "गवतावर झोपतील का नवरा-नवरी?" असं तिने विचारलं होतं.  गवंडी यायच्या आदल्या दिवशी नवऱ्याने एकट्याने तेवढ्या जागेतलं गवत मातीसकट कापलं, सतरंजी गुंडाळावी तशा गुंडाळ्या केल्या आणि खांद्यावरून नेऊन ज्याने मागितल्या त्याला दिल्या. शर्टाची पाठ चिखलाने भरली होती. तिने तो शर्ट धुतला, बडबडत धुतला, आणि चिखलाचं पाणी मोरीतून जाताना पाहत राहिली होती, कितीतरी वेळ. पुढे लेक-सून दुसऱ्या गावी गेली. खोली रिकामी झाली. आणि आता खाट मावते, खिडकी मोठी आहे, म्हणून त्याच खोलीत तो पडून होता.

खताच्या दुकानात बसणारी मुलगी नर्सपेक्षाही लहान. थोरलीने पिवळ्या गवताची पेंडी तिच्यापुढे टाकली, पोलिसापुढे पुरावा टाकावा तशी. "हे तुमच्या मालाने झालं."

मुलीने पातं चिमटीत धरून वाकवलं, तुटलं. "भाजलंय, आजी. खत किती घातलंत?"

"तीन डबे."

"केवढा डबा? केवढी जागा?"

"जागा आहे आपली जागेएवढी."

"आणि तणनाशक?"

"अंदाजाने."

"अंदाजाने भाजी होते, आजी. हे नाही होत."

"तुझी होत असेल अंदाजाने. माझी हाताने होते." पण हे म्हणताना तिचा आवाज तिला नेहमीचा वाटला नाही. दुकानात उग्र वास होता, डोळ्यांना झोंबणारा, आणि त्या वासात तिला एकाएकी फार थकल्यासारखं झालं. मागच्या स्टुलावर ती न विचारता बसली. सगळा जन्म आपण 'किती' या शब्दाला हसत आलो. किती मीठ? लागेल तेवढं. किती माणसं? येतील तेवढी. किती बोलायचं? मनात असेल तेवढं. आणि आता सगळेच किती विचारतात. किती गोळ्या, किती पाणी, किती वेळा कूस बदलली. तिने स्वतःच डॉक्टरला विचारलं होतं, किती कळतं. "अति तिथे माती म्हणतात," ती म्हणाली, मुलीकडे न बघता, "ते मी लोकांना सांगत आले."

मुलगी हसली नाही. "मेलेलं नाहीये सगळं. मुळं जिवंत असतील तर येईल. आज भरपूर पाणी द्या, उद्याही द्या, खत खाली उतरू दे. तणनाशकाला आता हातच लावू नका. नवीन पातं फुटेपर्यंत नाही. मग मारायचं तेही सगळीकडे नाही, फक्त तणाच्या पानावर. आणि पुढच्या वेळी जागा मोजून. लांबी गुणिले रुंदी."

"माझी जागा वाकडी आहे. एका बाजूला पोट आलंय तिला. आणि गुणाकार मला येत नाही," थोरली म्हणाली. हे शेवटचं वाक्य तिने जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आता खताच्या दुकानात सांगून बसली होती. मग पाठ ताठ करून तिने विचारलं, "माझ्या डबल पलंगाच्या चादरीएवढी जागा धर. तेवढीला किती?"

मुलीने भुवया उंचावल्या, मग हाताने हवेत चादर मोजली, कागदावर काहीतरी केलं, आणि काट्यावर खत ओतलं. नेहमीची आमटीची वाटी असते तेवढं झालं. "एका चादरीला एक वाटी. सपाट, आजी. शीग नाही."

घरी येऊन तिने कपाट उघडलं. चादरी हे तिचं वैभव होतं. एके काळी या घरात पाहुण्यांची अंथरुणं संपायची नाहीत. धुतलेल्या, कडक, घडीवर घडी. नर्सच्या देखत तिने त्या कवटाळून अंगणात नेल्या आणि जळक्या गवतावर एकेक पसरायला सुरुवात केली. पहिली कुंपणाला लावून. दुसरी तिला चिकटून. वारा पदराखाली शिरावा तसा चादरीखाली शिरत होता, म्हणून कोपऱ्यांवर तिने वस्तू ठेवल्या. वरवंटा, चपला, कढई, बागेची कात्री. गुडघे टेकताना तिचा जीव कासावीस होत होता, उठताना त्याहून जास्त. तो इथे रोज गुडघे टेकायचा. कसा टेकायचा? इतकी वर्षं ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याची पाठ पाहत आली होती, गवत नव्हे. गवत तिने आज पाहिलं. बोटाखाली पातं कोरडं होतं, पण त्याला धरून ओढलं तर ते सहज येत नव्हतं. खाली कुणीतरी धरून ठेवलं होतं. जिथे हिरवळीला पोट आलं होतं तिथे तिने अर्धी घडी घातली, आणि दोन अर्ध्यांची एक धरली. नर्स दारात येऊन म्हणाली, "आजी, शेजारचे बघताहेत."

"बघू दे. त्यांच्याकडे एवढ्या चादरी नाहीत."

आठ झाल्या. आठ चादरी, आठ वाट्या. ती पडवीत गेली आणि साखरेच्या डब्यात वाटी वाटीने वाळू ओतली. चार वाट्यांत डबा भरला. म्हणजे आठ वाट्यांचे दोन डबे. दोन! तिने पुन्हा ओतून पाहिलं. वाळू खोटं बोलत नव्हती. मग तीन कुठून आले? तीन तिला असे ऐकू येत होते जसा काल भांडलेला आवाज ऐकू येतो. ती चुकीचं आठवत होती की काय? नवऱ्याची वाचा गेली तशी आपली आठवण निघाली की काय, पुढच्या दाराने ती आणि मागच्या दाराने ही? वाटी हातात धरून ती पडवीत उभी राहिली, आणि त्या क्षणी तिला गवताचं, खताचं काही वाटेना. तीन खरे असले पाहिजेत एवढंच वाटत होतं. तीन खरे नसतील तर उरलेल्या संसारातलं काय काय खरं धरायचं?

"आजी!" नर्सची हाक आली. "आजोबा वळलेत!"

ती धावली, म्हणजे तिच्या वयाला धावणं म्हणतात ते. खोलीत उजेड निराळाच होता. बाहेर आठ पांढऱ्या चादरींवर ऊन पडून ते उसळत आत आलं होतं, छतावर, आणि त्याच्या समोरच्या भिंतीवरही. भिंत इतकी लखलखीत झाली होती की तिच्याकडे तोंड करून राहणंच मुश्कील. तो खिडकीकडे वळला होता. चादरींकडे पाहत होता. मग त्याने थोरलीकडे पाहिलं आणि डाव्या हाताच्या बोटाने खाटेच्या कठड्यावर ठोकलं. टक्. टक्.

"पाणी?" त्याने डोळे मिटले. वैतागाने. पुन्हा उघडले. टक्, टक्. "भांडं देऊ? कूस बदलू?" दर प्रश्नाला डोळे मिटणं, तेच, छत्रीसारखं. "अहो, मग काय? चादर हवीय? अंगावर?" आता त्याचं बोट कठड्यावरून खाली घसरलं. खाटेच्या बाहेर, जमिनीकडे. हात तसाच लोंबत राहिला, बोट फरशीवर रोखलेलं.

थोरलीने फरशीकडे पाहिलं. राखाडी फरशी. मधोमध एक जुना ओरखडा, लेकाचं कपाट सरकवलं होतं तेव्हाचा. ती पाहत राहिली आणि फरशी तिच्या डोळ्यांपुढून हळूहळू गेली, तिच्या जागी माती आली, आणि मातीवर गुंडाळ्या, आणि एक चिखलाने भरलेली शर्टाची पाठ. तिने कपाटातून उरलेल्या चादरी काढल्या आणि खोलीत पसरल्या. एक खिडकीखाली. एक दाराकडे. न्हाणीघरात आणि ओट्यावर मिळून एक. आणि चौथी खाटेखाली. तिच्यासाठी तिला पोटावर पडावं लागलं. खाटेखाली धूळ होती, औषधाच्या गोळीचा तुकडा होता, आणि वर त्याचं वजन होतं, पट्ट्यांमधून खाली आलेलं. चादर ओढून सरळ करता करता ती थोडा वेळ तिथेच राहिली. आठ आणि चार, बारा. बारा वाट्या, तीन डबे. तीन खरे होते. खोली झाल्यावर त्याने कधीतरी, कुणाला न सांगता, दोन केले असणार. तो सांगणारा नव्हता आणि ती पाहणारी नव्हती. तिने परवा जे जास्तीचं घातलं होतं, ते याच गवताचं होतं, इथलं, तो ज्याच्यावर पडला होता त्याचं. इतकी वर्षं गेली, तरी तिच्या हाताने ते मोजात धरलं होतं.

ती खाटेखालून बाहेर आली तेव्हा केसांना धूळ लागली होती. त्याचं तोंड कठड्याच्या अगदी कडेला आलं होतं, तिलाच शोधत. "कळलं," ती म्हणाली. "तीन नाही, दोन. आधी सांगायला काय झालं होतं?" आणि हे आपण कुणाला विचारतोय ते लक्षात येऊन ती थांबली. त्याच्या घशातून एक आवाज आला, खरखरीत, हसण्याचा म्हणता येईल किंवा खोकल्याचा. थोरलीने तो खोकल्याचा धरला नाही. "नर्सबाई, पेज गरम करा," ती म्हणाली. पहिला चमचा त्याने ओठांवर अडवला. अगदी क्षणभर, हिशेब चुकता करावा तसा. मग तोंड उघडलं.

पाणी तिने दिलं. भरपूर दिलं, आणि दुसऱ्या दिवशीही. पिवळे पट्टे लगेच गेले नाहीत. कितीतरी दिवस ते तिथे होते आणि ती रोज पडदा सारायची, पूर्ण सारायची. तोही रोज पाहायचा. सगळ्यात आधी त्या पट्ट्यांत काय उगवलं असेल तर तेच रुंद पानांचं तण. मग कधीतरी तणाच्या आजूबाजूने सुईच्या टोकासारखी पाती दिसायला लागली, इतकी बारीक की ती आहेत की आपल्याला हवी आहेत म्हणून दिसताहेत, ते तिला ठरवता येईना. ती वाकून हाताने चाचपायची. होती. आणखी उंच होईपर्यंत तिने बाटलीला हात लावला नाही. मग एका सकाळी औषध झाकणाने मोजून, झाकणाची रेघ डोळ्यांशी धरून, वर थेंबही न घालता तिने पाण्यात कालवलं, आणि गुडघे टेकले. एकेका तणाच्या पानावर, फक्त पानावर. उठायला वेळ लागत होता म्हणून ती गुडघ्यांवरच सरकत होती. तणाशी ती बोलली नाही. इतकं काही ते तिचं झालं नव्हतं. कुंपणापर्यंत जाऊन, कंबरेवर हात ठेवून ती वळली, तर खिडकीत डावा हात वर आलेला. बोट ताठ. तिच्या मागे, डावीकडे, चुकवलेल्या एका तणावर रोखलेलं. ते हलत होतं, चिडून, घाईघाईने, नोकराला हाक मारावी तसं.

"दिसतंय मला," थोरली ओरडली, शेजारणीने खिडकी लावावी इतक्या जोरात. "आंधळी नाहीये मी!"

आणि पुन्हा खाली वाकली.